सहा, सात, आठ

नागपूरच्या दत्तवाडीतल्या आमच्या गल्लीत गणपतीचा प्रसाद वाटायचं काम दरवर्षी रुपराव भोयर यांच्याकडे असतं. त्यांनी वाटला की कोणी कोणाच्या द्रोणात डोकावत नाही. पेढा मोडायचा झाला तर दोन्ही तुकडे हातावर तोलून बघतील, बारकासा कण इकडचा तिकडे करतील, मगच देतील. काटोलकडच्या त्यांच्या गावातही भावाभावांची वाटणी असली की लोक त्यांना बोलावून नेत. "भोयरबाबूनं वाटलं म्हणजे वाटलं," असं म्हणत.

संत्र्याची शेती त्यांचा भाऊ पाहतो. रुपराव बारावीनंतर नागपूरला आले आणि अमरावती रोडवरच्या वाडी भागातल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंग क्लार्क म्हणून लागले. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. कोणता माल कोणत्या गाडीत चढेल आणि कोणता ड्रायव्हर कुठे जाईल, हे तेच ठरवतात. मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून मला वेळच वेळ आहे, म्हणूनही असेल, पण पुढची हकिगत त्यांनी मला सांगितली. एका बैठकीत नाही. तुकड्यातुकड्यानं, कधी भाजी आणायला जाताना, कधी गच्चीवर वाळवण राखत बसलेलं असताना.

गोदामात तेव्हा तीन मेटाडोर आणि तीन ड्रायव्हर होते. रामाजी सगळ्यात जुने, साठीला आलेले. गोलू तिशीतला, तोंडाळ. आणि अश्विन कोहळे. अश्विनची आई रुपरावांच्या गावची, म्हणून तो त्यांना मामा म्हणायचा. नोकरी त्यांनीच लावून दिली होती. दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात अश्विनला मुलगा झाला, त्याचं नाव अर्णव ठेवलं. बारशाला रुपराव आणि त्यांची बायको गोपिकाबाई दोघं गेले होते.

तिघांच्यात भांडण व्हायचं ते एकाच फेरीवरून. दर आठवड्याला एक गाडी औषधं आणि किराणा घेऊन सिरोंच्याला जायची. साडेतीनशे किलोमीटर, शेवटचा टप्पा जंगलाचा, मोबाईलला रेंज नाही, जाऊन यायला दोन दिवस. पाळी लावली तर त्याच दिवशी कोणाचं पोट दुखायचं, कोणाच्या साळ्याचं लग्न निघायचं. शेवटी जूनमध्ये गोलू आणि रामाजी एकमेकांच्या अंगावर धावून गेले, आणि रुपरावांनी मध्ये पडून निकाल लावला.

माल चढेपर्यंत हे तिघं पोत्यावर लुडो मांडून बसत. रुपरावांनी त्यांच्या पटावरचे दोन फासे उचलले.

"आजपासून दर मंगळवारी अकरा वाजता मी हे दोन फासे टाकीन. बेरीज ज्याची येईल, तो जाईल. मग मले कोणी काही म्हणायचं नाही."

गोलू म्हणाला, "बाबू, एकच टाका ना. सहा आकडे, आमी तिघं. दोन-दोन वाटून देऊन द्या."

"एक फासा हाताने बसवता येते गा. दोन नाही बसत."

हे खरं होतं, पण अर्धंच. दुसरं अर्धं त्यांच्या मनात होतं. दोन फाशांची बेरीज दोनपासून बारापर्यंत येते. म्हणजे अकरा आकडे. अकराचे तीन सारखे भाग होत नाहीत. दोघांना चार-चार आले तर तिसऱ्याला तीनच येणार. ज्याच्याकडे तीन, त्याला सिरोंच्याची फेरी थोडी कमी पडणार. अश्विनचं लेकरू दीड महिन्याचं होतं. आयुष्यभर तोलून वाटणाऱ्या माणसानं तेवढा एक कण इकडचा तिकडे केला.

"दोन ते पाच रामाजीचे. नऊ ते बारा गोलूचे. मधले सहा, सात, आठ अश्विनचे."

"भाच्याले तीनच काहून?" गोलूनं विचारलं.

"अकराचे तीन सारखे भाग तू करून दाखव, मी तसं वाटतो."

गोलूनं बोटं मोजून पाहिली आणि नाद सोडला. रामाजी तिकडे बसून तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते.

पहिल्या महिन्यात चारपैकी तीन फेऱ्या अश्विनला आल्या. स्टीलच्या ग्लासात फासे खुळखुळले, टेबलावर पडले की सगळे वाकून बघायचे आणि गोलू टाळी द्यायचा. "देव न्याय करते, बाबू!"

अश्विनही हसायचा. "मामा, तीन आकडे घेऊन मी फसलो वाटते."

"नशीब आहे गा. पुढच्या महिन्यात त्याईचे येतील."

पुढच्या महिन्यात अश्विनच्या दोन आणि बाकी दोघांच्या मिळून दोन असं झालं, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा अश्विनचे जास्त. दिवाळीच्या आठवड्यातही तोच गेला. कुरकुर त्यानं कधी केली नाही. मामानं आपल्याला सगळ्यात कमी आकडे दिलेत, आता आणखी काय मागायचं, असं त्याला वाटत असावं.

दोन हजार तेवीसच्या जानेवारीतल्या एका मंगळवारी चार आणि तीन पडले. अश्विननं मफलर कानाला गुंडाळला. "मामा, हे फासे माया मांगंच लागले," म्हणाला आणि ताडपत्रीची दोरी ओढून बघायला गेला. दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर, सकाळी दहाच्या सुमारास, आडवी आलेली गाय वाचवायला त्यानं स्टिअरिंग वळवलं आणि गाडी झाडावर आदळली. गोदामात फोन आला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. फोन रुपरावांनीच उचलला.

फासे त्यांनी त्याच दिवशी फेकून दिले. फेरी पुन्हा पाळीनं सुरू झाली, आणि आता कोणाच्याही पोटात दुखेनासं झालं. अश्विनची बायको मिनल लेकराला घेऊन भावाकडे कोराडीला राहायला गेली. रुपराव रडले, खचले, पण तो साधा शोक होता, माणूस गेल्याचा. कोणी भेटायला आलं की म्हणायचे, "नशीब. दुसरं काय म्हणावं?" असं दीड वर्षाच्या वर गेलं. ते सावरलेही होते.

मग मागच्या सप्टेंबरातला एक रविवार आला. त्यांची मुलगी भूमिका दहावीत होती. सकाळी खाटेवर बसून ती गणित मोठ्यानं वाचत होती आणि रुपराव दाढी करत होते.

"दोन फासे एकाच वेळी टाकले असता, वरच्या अंकांची बेरीज सात येण्याची संभाव्यता काढा."

"अकरात एक," रुपराव आरशातूनच म्हणाले.

"कशी काय, बाबा?"

"दोन ते बारा. अकरा आकडे. त्यातला सात एक."

भूमिका हसली. "तसं नाही राहत. आकडे अकरा आहेत, पण सगळे सारखे येत नाहीत. पाहा, दोन कसा येईल? इकडे एक, तिकडे एक. एकच रीत. आणि सात? एक-सहा, दोन-पाच, तीन-चार, चार-तीन, पाच-दोन, सहा-एक. सहा रीती."

"तीन-चार आणि चार-तीन एकच ना वं?"

"एक फासा लाल समजा, एक पांढरा. लालवर तीन आणि पांढऱ्यावर चार हे वेगळं, लालवर चार आणि पांढऱ्यावर तीन हे वेगळं. थांबा, घरं काढून दाखवते."

तिनं वहीवर आडव्या सहा आणि उभ्या सहा चौकटी आखल्या. छत्तीस घरं झाली. प्रत्येक घरात तिनं बेरीज लिहिली. दोन एका कोपऱ्यात एकटा पडला, बारा समोरच्या कोपऱ्यात एकटा. मधून सातांची तिरकी रांग गेली होती, सहा घरांची.

"म्हणून छत्तीसपैकी सहा. म्हणजे सहातून एक."

रुपरावांच्या अर्ध्या गालावर फेस तसाच होता. त्यांनी विचारलं, "सहा, सात, आठ मिळून किती घरं?"

भूमिकानं बोट ठेवत मोजली. "सहाची पाच, सातची सहा, आठची पाच. सोळा."

"आणि दोन ते पाच?"

"एक, दोन, तीन, चार... दहा. नऊ ते बारा पण दहाच. बरोबर, सोळा आणि वीस छत्तीस. पण हे पुस्तकात नाही विचारलं, बाबा. तुम्हाला कशाला पाहिजे?"

"असंच," ते म्हणाले. आणि मोरीत जाऊन बसले. गोपिकाबाईंनी बऱ्याच वेळानं दार वाजवलं.

सोमवारी त्यांनी गोदामातलं जुनं रजिस्टर काढलं. जूनपासून जानेवारीपर्यंत फाशांवर गेलेल्या फेऱ्या एकतीस. रामाजी आठ, गोलू नऊ, अश्विन चौदा. भूमिकाच्या घरांप्रमाणे अश्विनच्या वाट्याला एकतीसमधल्या पावणेचौदा यायला हव्या होत्या. रुपराव मला म्हणाले, "एखादी इकडे, एखादी तिकडे असती तं मी म्हटलं असतं की नशीब होतं. पण हिशोबानं जेवढ्या पाहिजे तेवढ्याच. नशिबाले जागाच नाही राहिली, भाऊ. नशीब कुठं नव्हतंच. मीच होतो."

त्यानंतरचे महिने मी डोळ्यांनी पाहिले आहेत. अमरावती रोडवर उभे राहिले की येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे ते मनात मिळवत. ओठ हलताना दिसायचे. सहा, सात किंवा आठ आले की मान खाली. महालातल्या बाजारातून नवे दोन फासे आणून त्यांनी ते तीनशे साठ वेळा टाकले, दर वेळी कागदावर रेघ ओढली. सोळाचा हिशोब खरा असेल तर एकशे साठ वेळा मधले आकडे यायला हवेत. एकशे त्रेसष्ट वेळा आले. ते फासेही त्यांनी टाकून दिले, तरी खुळखुळ थांबली नाही. गोपिकाबाई स्टीलच्या डब्यात शेंगदाणे ओतायच्या तर हे घराबाहेर निघून जायचे.

आणि अश्विन दिसायचा. हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही. अंधाराबिंधारात नाही, भर उन्हात, गोदामाच्या पाण्याच्या टाकीजवळ. ताडपत्रीची दोरी ओढून बघत असायचा. मग मान वर करायचा, काहीतरी विचारायच्या बेतात असल्यासारखा. रुपराव उठून दोन पावलं पुढे जात, तोवर तिथे दुसराच कोणी हमाल असे.

मी माझ्या परीनं समजावलं. म्हटलं, "रुपराव, अपघात गाईमुळे झाला. फाशानं गाय आणली नाही. आणि तुम्ही अगदी बरोबर वाटलं असतं, गोलू म्हणाला तसा एकच फासा टाकला असता, तरी त्या दिवशीची फेरी अश्विनवर यायची शक्यता तीनातून एक होतीच."

"होती," ते लगेच म्हणाले. त्यांनी हे आधीच करून ठेवलं होतं. खिशातून घडी घातलेला कागद काढला. तीच छत्तीस घरं, पण त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. "तीनातून एक म्हणजे छत्तीसमधली बारा घरं. तेवढी त्याचीच होती, ती मी माया अंगावर घेत नाही. पण मी सोळा देली. वरची चार माही." सोळापैकी चार घरं त्यांनी पेननं काळी केली होती. "सोळातून चार, म्हणजे चारातून एक. माणूस मेल्यावर चारातून एक भाग माहा आहे."

मी कागदावरची घरं पुन्हा मोजली. गणित बरोबर होतं.

नोव्हेंबरात ते रामाजींकडे गेले. रामाजींनी तोवर गाडी सोडली होती, वाडी नाक्याजवळच्या एका गोदामावर दिवसपाळीचे चौकीदार होते. चहाच्या टपरीवर रुपरावांनी कागद उलगडला. रामाजींनी तो नीट पाहिलाही नाही.

"मालूम होतं, बाबू."

"काय मालूम होतं?"

"सात जास्त येते, आन् त्याच्या बाजूचे. जत्रेत फासे घेऊन बसत ना लोक, लहानपणापासून पायलं आमी. तुमी मधले आकडे अश्विनले देले, तवाच समजलं मले."

"मग बोलले काहून नाही?"

रामाजींनी कप खाली ठेवला. "माही कंबर गेलती. दोन दिवस सीटवर बसवत नव्हतं. तुमाले माहीत होतं ते. मले वाटलं, तुमी शिकलेले, तुमाले बी मालूम असन. तोंडानं भाच्याले तीन देतो म्हणून राहिले, आन् आतून या म्हाताऱ्याचं भलं करून राहिले. पोरगा जवान आहे, चार चकरा जास्त मारन, असं वाटलं." मग म्हणाले, "मी तं मनातल्या मनात तुमाले दुवा देत होतो, बाबू."

रुपराव चहा न पिताच उठले. मला म्हणाले, "त्यानं शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं."

कोराडीला जाऊ नका, असं गोपिकाबाई रडून सांगत होत्या. "झालं ते झालं. ती पोरगी आता कुठं उभी राहून राहिली. तिले काहून पुन्हा पाडता?" मीही तेच म्हटलं. पण एका शनिवारी दुपारी ते बसनं गेले. मिनल भावाच्या क्वार्टरमध्ये राहून कामगारांचे डबे करते. अंगणातल्या कडुलिंबाच्या पानांवर तिथल्या वीज केंद्राच्या राखेचा पांढुरका थर होता, आणि अर्णव खाली बसून गळलेल्या पानांवर बोटानं रेघा ओढत होता, असं त्यांना नीट आठवतं. मिनलनं त्यांना पाणी दिलं, मामाजी म्हणून पाया पडली. ती वाकली तेव्हाच परत फिरावं असं त्यांना वाटलं. फिरले नाहीत.

त्यांनी कागद तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. कमी आकडे का दिले, ते जास्त कसे निघाले, घरं, चौदा फेऱ्या. मिनल भाजी चिरत ऐकत होती. मग तिचा हात थांबला.

"हे चार घरं नसते, तं ते वाचले असते?"

"ते नाही सांगता येत, बेटा. वाचलाही असता. नाहीही."

"त्याईले मालूम होतं का हे?"

"नाही. कोणालेच नव्हतं." रामाजींचं नाव त्यांनी घेतलं नाही.

"घरी येऊन म्हणत होते, मामानं मले तीनच आकडे देले, बाकीच्याईले चार. लय खुश होते." ती त्यांच्याकडे बघत राहिली. "तुमी हे मले सांगायले काहून आले, मामाजी?"

रुपरावांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"दोन वर्षं झाले, मी नशिबाले शिव्या देऊन राहिली. सकाळ-संध्याकाळ. नशिबाले तोंड नसते, म्हणून बरं होतं, कितीही बोला. आता तुमी त्याले तुमचं तोंड देऊन चालले." तिचा आवाज चढला नाही. "तुमी वाईट नाही केलं. मले समजते. पण आता तुमाले पायलं की मले ते चार घरं दिसतील. नका येत जाऊ. आन् अर्णवले हे कदी सांगू नका, तो कितीही मोठा झाला तरी."

कागद तिनं परत केला. त्यांनी चपला घातल्या. ती दारापर्यंत आली नाही.

मला वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की त्यांचं मन हलकं होईल. तसं झालं नाही. गोदामात अश्विन दिसतो तो दिसतोच. फक्त आता तो काही विचारायला मान वर करत नाही, दोरी ओढून झाली की पाठ फिरवतो, आणि हे जास्त कठीण आहे, असं रुपराव म्हणतात. डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. गोळ्या चालू आहेत, झोप लागते. भूमिकाला गणितात चांगले गुण मिळाले. तिनं आखलेल्या घरांनी बापाचं काय केलं, हे तिला कोणी सांगितलेलं नाही, आणि हे लिहूनही मी तिला देणार नाही.

फेब्रुवारीत रुपरावांनी मालकाकडे एक मागणी केली. महिन्यातून एकदा सिरोंच्याच्या गाडीबरोबर आपण जाऊ, तिकडच्या दुकानदारांशी बोलायला कोणीतरी हवं. मालकाला त्यात तोटा नव्हता. पहिल्यांदा गेले तेव्हा साहिल नावाचा नवा ड्रायव्हर होता, त्याला जुनं काही ठाऊक नाही. ते झाड कुठलं, हे रुपरावांनी पोलिसांच्या कागदावरून पाठ केलं होतं. तिथे त्यांनी गाडी थांबवायला लावली, उतरले. मोहाचं झाड होतं, बुंध्यावरची साल एका बाजूनं भरून आली होती. खाली दोन बायका टोपल्यांत फुलं वेचत होत्या. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा वेचायला लागल्या. रुपराव दहा मिनिटं उभे राहिले. तिथे त्यांना अश्विन दिसला नाही. एवढ्या सगळ्या जगात तिथेच तेवढा दिसला नाही.

साहिलनं हॉर्न वाजवला तसे ते गाडीत येऊन बसले. पुढच्या महिन्यात पुन्हा गेले, त्याच्या पुढच्याही. कंबर धरते, दोन दिवस अंग आंबून जातं, गोपिकाबाई चिडतात. परवा निघाले तेव्हा मी गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. त्यांनी खिडकीची काच खाली केली, हात केला, आणि मेटाडोर अमरावती रोडच्या गर्दीत शिरली.